परभणी ते ऱ्हाईन : परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची सुट्टी आणि सहकुटुंब प्रवास

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणी जिल्ह्यात आबालवृद्धांच्या तोंडी आहे, आणि पूर्वी केवळ गावाच्या अभिमानापोटी उच्चारली जाणारी ही जोडी आता काही घरांच्या प्रत्यक्ष व्यवहारातही उतरू लागली आहे. जर्मनीतील विद्यापीठांत 2023-24 च्या हिवाळी सत्रात सुमारे 49,000 भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट त्यांचाच होता; या लोंढ्यात पुण्या-मुंबईबरोबरच मराठवाड्यातील लहान शहरांतून, शिक्षकांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांतून गेलेली मुलेमुलीही आहेत. या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयी, शिष्यवृत्तीविषयी आणि नोकरीविषयी बरेच बोलले जाते, परंतु त्यांच्या सुट्ट्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. वस्तुतः सुट्टीत मित्रांसोबत आणि पुढे गावाकडून आलेल्या आईवडिलांसोबत केलेला प्रवास हा त्या शिक्षणाचाच एक भाग असतो. पर्यटन, यात्रा आणि अध्ययन या तिन्हींचे गुण त्यात एकत्र येतात, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करणे योग्य ठरते.

परदेशी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची सुट्टी ही काही आजची गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी जून 1883 मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात घालवला. तेथील घर हेच त्यांचे माहेर झाले. इरावती कर्वे 1928 मध्ये मानवशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हाही बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा आणि पत्राचे उत्तर यायला महिना-दीड महिना, अशीच स्थिती होती. त्या काळात विद्यार्थ्याने सुट्टीत काय पाहिले हे घरच्यांना पत्रातूनच कळत असे, आणि ते पाहण्यासाठी घरच्यांनी तिकडे जाणे ही गोष्ट अगदी मोजक्या कुटुंबांच्याच आवाक्यात होती. आजचा मोठा फरक येथेच आहे, कारण ज्या घरातील मागच्या पिढीचा प्रवास पंढरपूर, तुळजापूर, औंढा नागनाथ आणि फार तर काशी-रामेश्वर एवढ्यावर संपत असे, त्या घरातील आईवडील आता मुलाच्या वसतिगृहाच्या खोलीवर मुक्कामाला जाऊ शकतात.

हा प्रवास केव्हा होतो, हे समजून घेण्यासाठी दोन वेळापत्रके शेजारी ठेवावी लागतात. जर्मन विद्यापीठांत वर्षाचे दोन भाग असतात : ऑक्टोबर ते मार्च हे हिवाळी सत्र आणि एप्रिल ते सप्टेंबर हे उन्हाळी सत्र. प्रत्येक सत्राच्या शेवटी काही आठवडे वर्ग भरत नाहीत, मात्र त्याच काळात परीक्षा, प्रकल्प आणि निबंध यांची कामे असल्याने त्याला निखळ सुट्टी म्हणता येत नाही. खरी सुट्टी नाताळच्या सुमारास आणि काही विद्यापीठांत मे-जूनमधील पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यात मिळते. दुसरे वेळापत्रक परभणीच्या शेताचे असते. मृग नक्षत्र निघाले की सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या पेरणीची घाई होते, सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन काढणीला येते आणि त्यामागोमाग रब्बीच्या ज्वारीची पेरणी असते. त्यामुळे शेतकरी आईवडिलांना घर सोडण्यासाठी उरतात ते एप्रिल-मेचे दिवस, किंवा खुरपणी-फवारणी आटोपल्यानंतर पोळ्याच्या आसपासचा थोडा मोकळा काळ. शिक्षक आईवडिलांना मे महिना सोयीचा असतो. एप्रिल-मेमध्ये मुलाचे वर्ग चालू असतात आणि ऑगस्टमध्ये त्याच्या परीक्षा. या दोन्हींतून पंधरा-वीस दिवसांची जी फट काढली जाते, तिच्यातच हा सहकुटुंब प्रवास बसवावा लागतो.

पैशाची बाजूही तितकीच नेमकी आहे. जर्मनीत शिकण्याचा व्हिसा मिळवताना विद्यार्थ्याला 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडावे लागते, म्हणजे वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत भरून ती दरमहा ठरावीक हप्त्याने काढण्याची सोय असलेले खाते. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे दरमहा 992 युरो, अशी आहे. खोलीभाडे, आरोग्यविमा आणि जेवणखाण यांत ती संपते, म्हणून प्रवासाचे पैसे अर्धवेळ कामातून उभे करावे लागतात, आणि कामाचीही मर्यादा वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी ठरलेली आहे. गावाकडे शिक्षणकर्जाचा हप्ता डोक्यावर असतो याचे भान बहुतेक मुलांना असते, आणि म्हणूनच त्यांचा प्रवास काटकसरीचा, पण त्याच कारणाने अधिक डोळस असतो.

मित्रांसोबतच्या प्रवासाचा कणा म्हणजे 'डॉइचलांडटिकेट' हा मासिक पास होय. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालेला आणि 2025 मध्ये 58 युरोंवर गेलेला हा पास देशभरातील शहर बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना मात्र तो चालत नाही. या एका अटीमुळे विद्यार्थ्यांच्या प्रवासाला विशिष्ट वळण लागले आहे, कारण जलद गाडी जे अंतर काही तासांत एका दमात तोडते, तेच अंतर विद्यार्थी तीन-चार गाड्या बदलत, लहान लहान स्टेशनांवर उतरत पार करतो आणि त्या ओघात ज्यांची नावे पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत नसतात अशी गावे पाहतो. मित्रांच्या या टोळीत जिंतूरचा मुलगा, केरळची मुलगी, ढाक्याचा किंवा तेहरानचा वर्गमित्र असे सगळे असतात. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे पाव, फळे आणि दही शनिवारीच घेऊन ठेवणे, नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटली भरून घेणे आणि रिकामी प्लॅस्टिकची बाटली यंत्रात टाकून तिच्या अनामतीचे 25 सेंट परत मिळवणे, हे सारे विद्यार्थी पहिल्या दोन सहलींतच शिकतो. जर्मनीचा निवासपरवाना असलेल्या विद्यार्थ्याला शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे परस्परांच्या सीमांवर नेहमीची पारपत्र-तपासणी नसलेल्या 29 देशांच्या समूहातील, इतर देशांतही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येते. तथापि जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केल्यामुळे पारपत्र आणि परवान्याचे कार्ड खोलीवर ठेवून निघणे परवडत नाही.

आईवडिलांचा प्रवास याहून वेगळ्या तयारीचा असतो. त्यांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा काढावा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा, उत्पन्नाचे पुरावे, परतीचा हेतू दाखवणारी कागदपत्रे आणि मुलाचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. ज्यांचे उत्पन्न पगाराच्या पावतीवर नसून सातबारावर आणि आडतीच्या पट्ट्यांवर असते, त्यांना ते परक्या कार्यालयाला समजेल अशा रीतीने मांडण्यासाठी बराच खटाटोप करावा लागतो, आणि ही मांडणी बहुधा मुलगाच व्हिडिओ कॉलवर बसून करवून घेतो. घरातील कारभारीपण येथेच मुलाकडे सरकू लागते.

मग सामानाचा प्रश्न येतो. मराठवाड्यातील आईच्या बॅगेत ज्वारीचे पीठ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, वाळवलेल्या शेवया आणि प्रवासापुरते धपाटे असतात. येसर म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेली पूड. ती पाण्यात कालवून उकळली की आमटी तयार होते, त्यामुळे परक्या स्वयंपाकघरात तिच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे मागे राहतात. फळांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, खजूर आणि नारळ अशी मोजकीच फळे त्यातून सुटतात, त्यामुळे ऐन मे महिन्यात निघूनही लेकरासाठी आंबा नेता येत नाही, ही खंत अनेक आयांना विमानात बसेपर्यंत सोडत नाही. परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन विमान पकडले जाते. पंचेचाळीस अंशांच्या उंबरठ्यावरील उन्हातून निघालेली ही मंडळी स्वेटर घालाव्या लागणाऱ्या सकाळी उतरतात, आणि रात्रीचे साडेनऊ वाजत आले तरी उजेड सरत नाही हे पाहून आई देवापुढे दिवा केव्हा लावायचा या विचारात पडते.

परभणीकरांच्या दृष्टीने जर्मनीतील प्रवासाची सुरुवात स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम या कृषी विद्यापीठापासून होणे सर्वांत सार्थ आहे. 1815 मध्ये इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या राखेने आणि वायूंनी पुढील वर्षी युरोपातील उन्हाळा जणू हिरावून घेतला, पिके गेली आणि व्युर्टेम्बर्ग राज्यात दुष्काळ पडला. त्यानंतर राजा पहिला विल्हेल्म याने 1818 मध्ये होहेनहाइमच्या राजवाड्यात शेतीचे शिक्षण देणारी संस्था उभारली आणि त्याच वर्षी कान्स्टाट येथे शेतकऱ्यांचा उत्सव सुरू केला. तो उत्सव आजही सप्टेंबरच्या अखेरीस भरतो, आणि धान्य, फळे व भाज्यांनी सजवलेला त्याचा उंच स्तंभ त्याच्या मूळ हेतूची साक्ष देत उभा असतो.

परभणीचे कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले आणि तेच वर्ष महाराष्ट्राच्या स्मृतीत 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून कोरले गेले आहे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आईवडिलांनी खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या आपल्या आईबापांच्या कथा ऐकलेल्या असतात. लहान मुलांना वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव काहींच्या तर स्वतःच्याच आठवणीत असते. अशा माणसांना होहेनहाइमच्या बागेतून चालताना, ही भव्य वास्तू आणि तिच्यातील विद्यापीठ दुष्काळाला दिलेले उत्तर आहे असे जेव्हा मुलगा सांगतो, तेव्हा त्यांना दुभाष्याची गरज उरत नाही. परभणीच्या विद्यापीठाने ज्वारीचे 'परभणी मोती' आणि भेंडीचे 'परभणी क्रांती' यांसारखे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. होहेनहाइमच्या प्रयोगशेतांतही वाणांचे तुकडे पाट्या लावून शेजारी शेजारी पेरलेले असतात. बांधावर उभे राहून पाटी वाचणारा, वाकून मातीचे ढेकूळ चुरणारा आणि आपल्याकडची काळी माती अधिक चिकट असते असा निर्वाळा देणारा शेतकरी बाप हा त्या क्षणी पाहुणा नसतो, जाणकार असतो.

स्टुटगार्टहून प्रादेशिक गाडीने हायडेलबर्ग गाठता येते. नेकार नदीच्या काठी, लाल वालुकाश्माचा भग्न किल्ला माथ्यावर घेऊन वसलेले हे गाव 1386 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठासाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याने हा किल्ला उद्ध्वस्त केला आणि 1764 मध्ये वीज पडून उरलेला भागही जळाला. तरीही पडक्या भिंतींची जपणूक इतक्या निगुतीने केलेली आहे की खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून दिसणारे आकाशसुद्धा वास्तूचा भाग वाटते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे वरपर्यंत जाते.

परंतु मराठी माणसासाठी हायडेलबर्गचे महत्त्व किल्ल्यापुरते नाही. येथील विद्यापीठात 1962 मध्ये दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली आणि तिच्यात ग्युंथर सोंथायमर यांनी अध्यापन केले. 1992 मध्ये निधन पावलेल्या या विद्वानाने खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा या देवतांचा व धनगरांच्या परंपरांचा अभ्यास महाराष्ट्रातील वाड्या-वस्त्यांवर आणि माळरानांवर फिरून केला, धनगरी ओव्या संकलित केल्या आणि हेनिंग स्टेग्म्युलर यांच्यासह पंढरीच्या वारीवर चित्रपटही केला. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, आणि शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही परभणी व गंगाखेड याच वाटेने पंढरपूरला जाते. रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या घरातील आईला, आपल्या वारीचा आणि माळेगावच्या खंडोबाच्या परंपरेचा विचार या दूरच्या गावातील ग्रंथालयात होत आला आहे हे कळणे, ही त्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोठी प्राप्ती ठरू शकते. ज्या मुलाला ते ठाऊक असते तो आईला किल्ल्याबरोबर त्या संस्थेचे दारही दाखवतो. ज्याला ठाऊक नसते तो केवळ छायाचित्रे घेऊन परततो.

पुढचा टप्पा ऱ्हाईन नदीचा आहे. बिंगन ते कोब्लेन्झ हा सुमारे 65 किलोमीटरचा खोऱ्याचा भाग 2002 मध्ये जागतिक वारसा ठरला. प्रादेशिक गाडी नदीला अगदी खेटून धावते. एका बाजूला उतारावर ओळीने लावलेले द्राक्षमळे आणि दर वळणावर एखादा किल्ला, दुसऱ्या बाजूला मालवाहू नौका, असे दृश्य सतत बदलत राहते. कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते आणि दोन्ही प्रवाहांच्या पाण्याचा रंग काही अंतर वेगळा ओळखता येतो. परभणी जिल्ह्यात पूर्णा गोदावरीला मिळते, त्यामुळे संगमाचे पावित्र्य या कुटुंबाला शिकवावे लागत नाही. कट्ट्यावर बसून डबा उघडला जातो, त्यात पहाटे वसतिगृहाच्या विजेच्या शेगडीवर थापलेली, कडा किंचित चिरलेली भाकरी, ठेचा आणि कांदा असतो, आणि जेवण्यापूर्वी आई नदीला हात जोडते. त्याच वेळी वडिलांचे लक्ष पाण्याकडे असते : एप्रिल-मेमध्ये गोदावरीच्या पात्रात जागोजागी वाळू उघडी पडते, आणि येथे उन्हाळ्यातही मालाने लादलेल्या नौका चालतात. आल्प्सचे वितळते बर्फ आणि वर्षभर विखरून पडणारा पाऊस हे त्यामागचे कारण मुलगा सांगतो, तसेच 2018 आणि 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यांत ऱ्हाईनची पातळीही इतकी उतरली होती की नौकांना अर्धवट माल घेऊन चालावे लागले, हेही सांगतो.

कोब्लेन्झच्या पुढे बॉन लागते. संगीतकार बेथोव्हेनचे जन्मगाव म्हणून जग त्याला ओळखते, मराठवाड्याने मात्र आणखी एका कारणाने तेथे उतरावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी 1921 मध्ये बॉनच्या विद्यापीठात नाव नोंदवले होते. जर्मन भाषा त्यांना येत होती आणि तेथील विद्यापीठात अध्ययन करण्याचा त्यांचा मानस होता, परंतु ते शिक्षण पुढे जाऊ शकले नाही आणि 1923 मध्ये लंडनची डी.एस्सी. पदवी मिळवून ते पुढील कार्याकडे वळले. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातील ज्या घरांना शाळेची पायरीही नाकारली गेली होती त्या घरांतील मुले पदवीपर्यंत पोहोचली. आज राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींतील विद्यार्थी जगभरच्या विद्यापीठांत शिकतात. अशा विद्यार्थ्याने आपल्या आईवडिलांना बॉन विद्यापीठाच्या पिवळ्या, लांबलचक इमारतीसमोरच्या हिरवळीवर आणावे, यात तीर्थयात्रेइतकीच श्रद्धा असते आणि एका अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाची पूर्तताही असते.

प्रवासाची अखेर कोलोनला होते. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडताच समोर उभे ठाकणारे तेथील कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य प्रार्थनामंदिर, 157 मीटर उंच आहे. त्याचे बांधकाम 1248 मध्ये सुरू झाले, सोळाव्या शतकात थांबले, 1842 मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि 1880 मध्ये पूर्ण झाले. मधली काही शतके अपुऱ्या मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी होती. मनोऱ्याच्या 533 पायऱ्या मुलगा आणि वडील चढतात, आई खाली बाकावर बसते. जवळ बसलेल्या अनोळखी वृद्ध स्त्रीशी भाषा नसतानाही तिचे नातवंडांपर्यंतचे बोलणे होते.

येथे चारठाण्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. जिंतूर तालुक्यातील या गावी यादवकालीन मंदिरे, कोरीव स्तंभ आणि बारव आहेत, म्हणजे कोलोनच्या मंदिराचा पाया घातला गेला तेव्हा देवगिरीच्या यादवांच्या राज्यात आपल्याकडील पाथरवटही दगड घडवत होते. सेलू तालुक्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव आहे. तसा घाट फार थोड्या ठिकाणी आढळतो. फरक कारागिरीत नसून जपणुकीत आहे. कोलोनच्या कॅथेड्रलचा स्वतःचा दगडकामाचा कारखाना आहे, तेथे पाथरवट आजही झिजलेला दगड काढून नवा बसवतात आणि हे काम कधीच संपायचे नाही असे गृहीत धरूनच ते चालते. आपल्याकडे अनेक बारवा गाळाने आणि झुडपांनी भरून गेल्या. गावकऱ्यांनी श्रमदान केले तेथे त्या पुन्हा उजेडात आल्या.

म्हणून या प्रवासाचे मोल किती देश पाहिले यावर ठरवता येणार नाही. मुलाच्या वाटाडेपणाने घरातील नाती नव्याने घडतात. ज्या मुलाचे बोट धरून आईवडिलांनी त्याला जत्रेतून फिरवले, त्याच्या मागे आता ते फलाट बदलतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, कृतार्थता वाटते. मुलालाही आपल्या वर्गमित्रांसमोर आईची भाकरी आणि वडिलांचे शेतीचे ज्ञान यांची खरी किंमत कळते. दहा दिवसांत सात राजधान्या दाखवणाऱ्या धावत्या सहलीपेक्षा एका नदीकाठाने, प्रादेशिक गाडीने, मुक्काम करत केलेला प्रवास या कुटुंबांना अधिक काही देतो, हे निःसंशय आहे.

परदेशी शिकणाऱ्या परभणीकर मुलामुलींनी शिक्षण चालू आहे तोवरच, आईवडिलांचे पाय चालते आहेत तोवरच, त्यांना एकदा तरी आपल्याकडे बोलवावे. त्यानंतर गावी येतील तेव्हा हायडेलबर्गच्या पडक्या भिंती ज्या आस्थेने पाहिल्या, त्याच आस्थेने आपल्या मित्रांना चारठाण्याला आणि वालूरला न्यावे, आणि तेथे श्रमदान चालू असेल तर हातात टोपले घ्यावे.